फळ लागतं का त्याला?

आमच्या घरासमोर फुटपाथच्या कडेला एक चेरीचं झाड आहे. झाड शहराचं, पण पाकळ्या झाडायला आम्ही. एप्रिलच्या शेवटी पाऊस पडला की त्या पाकळ्यांचा लगदा होतो, बुटांना चिकटून घरात येतो आणि मे महिन्यात कधीतरी सोफ्याखाली तपकिरी चुरा सापडतो. फोटोंत हे दिसत नाही.

व्हँकुव्हरमध्ये चेरीची ४०,००० हून जास्त झाडं आहेत म्हणतात. इथे येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी फजिती झाली होती. मार्चच्या सुरुवातीला, अंगावर जाड कोट असतानाच, कोपऱ्यावरची तीन झाडं एकदम गुलाबी झाली. मी घरच्या ग्रुपवर धडाधड फोटो टाकले, ‘आमच्याकडे चेरी फुलली!’ मामाचे अंगठे आले, आत्याने हात जोडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून सांगितलं, ही चेरी नव्हेच, प्लम आहे. मग त्यांनी खूण दाखवली. पाकळीच्या टोकाला बारीक खाच असेल तर चेरी, टोक गोल असेल तर प्लम. चेरीच्या एका डोळ्यातून तीन-चार फुलं लांब देठांवर लोंबतात, आणि खोडावर पट्टीने ओढल्यासारख्या आडव्या रेघा असतात. ग्रुपवर मात्र मी दुरुस्ती टाकली नाही. आत्याने हात जोडून झाले होते.

तेव्हापासून रोज कामावर जाताना मी पाकळ्यांची टोकं बघते. बरार्ड स्टेशनबाहेर अकेबोनो फुलते, साधारण मार्चअखेर. पाच पाकळ्यांची, इतकी फिकी की लांबून पांढरीच वाटावी. अकेबोनो म्हणजे पहाट. नाव जपानी, पण ही जात तयार झाली कॅलिफोर्नियात. खाली लोक सेल्फीसाठी रांग लावतात आणि ट्रेन पकडणारे आम्ही त्यांच्या फोटोंत आडवे येतो.

आमच्या दारातली कान्झान. ही उशिराची, आणि हिच्यात नाजूक वगैरे काही नाही. एका फुलात २० ते ३० पाकळ्या, गडद गुलाबी, जोडीला तांबूस कोवळी पालवी. लग्नाच्या मांडवातल्या क्रेप कागदाच्या फुलांसारखी. जाणकारांना ती भडक वाटते. मला आवडते.

दोन वर्षांपूर्वी एक फूल व्हिडिओ कॉलवर आईला दाखवत होते. इथे सकाळचे आठ, तिकडे रात्रीचे साडेआठ. आई राजापूरकडची, आजोबांची हापूसची कलमं होती. कौतुकाचं ‘अगंबाई’ झालं आणि पुढचा प्रश्न आला, “फळ लागतं का त्याला?” नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग आम्ही फूल उकललं. एकेक पाकळी बाजूला करत मध्यापर्यंत गेले, तर पुंकेसर जवळपास नाहीतच. त्यांच्याच पाकळ्या झालेल्या. आणि अगदी मधोमध, जिथे फळ धरायचं, तिथे दोन बारीक हिरवी पानं. दातेरी कडांची, नखाएवढीही नाहीत. “म्हणजे नुसता नट्टापट्टा,” आई म्हणाली.

कॅमेरा फिरवला तेव्हा तिला बुंध्याजवळून वर गेलेली एक फांदी दिसली. तिच्यावर पाच पाकळ्यांची साधी पांढरी फुलं, आणि तीही गुलाबी फुलांच्या आधी आलेली, आता गळत होती. मला वाटायचं, एकाच झाडाला दोन रंग, काय गंमत! आई म्हणाली, “अगं, ही खुंटाची फूट. कलमाच्या खालून आली आहे. वेळीच काढायला हवी होती.” मी खाली वाकले. गुडघ्याच्या उंचीवर खोडाला चक्क गाठ होती. वरचं खोड एक, खालचं वेगळं, साल सुद्धा वेगळी. नऊ वर्षं रोज त्या गाठीजवळून गेले होते. इथे कान्झानचं कलम रानचेरीच्या खुंटावर बांधतात, हे मला राजापूरच्या बाईकडून कळलं.

कामावर जाताना माझी बस ओपनहायमर पार्कजवळून जाते. तिथली चेरीची झाडं जपानी-कॅनेडियन समाजातल्या वडीलधाऱ्यांनी १९७७ साली लावली. त्यांची जुनी वस्ती याच पॉवेल स्ट्रीटवर होती. १९४२ मध्ये त्यांना किनारपट्टीवरून हुसकावून लावलं, घरंदारं सरकारने विकून टाकली, आणि १९४९ पर्यंत परत यायला बंदी. त्याआधी, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, कोबे आणि योकोहामाच्या महापौरांनी या शहराला ५०० चेरीची झाडं पाठवली होती. पहिल्या महायुद्धात कॅनडाकडून लढलेल्या जपानी-कॅनेडियन सैनिकांच्या सन्मानार्थ. म्हणजे भेट आलेली झाडं शहरात फुलत राहिली आणि ज्यांच्यासाठी ती आली होती, त्यांच्याच माणसांना शहराबाहेर काढलं. बस तिथून वळते तेव्हा मी फोन खाली ठेवते. एवढंच.

आई इकडे येते ती नेहमी मेअखेर, थंडी सरल्यावर. त्यामुळे बहर तिने कधीच प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि त्याचं तिला फारसं दुःखही नाही. यंदा मात्र जूनच्या अखेरीस ती फुटपाथवर थबकली. खाली काळपट डाग, वर कावळ्यांचा कालवा. त्या पांढऱ्या फुलांच्या फांदीला फळं लागली होती, वाटाण्याहून थोडी मोठी, काळी कुळकुळीत. आईने एक तोडलं, पदराला पुसलं आणि मी “थांब, थांब” म्हणेपर्यंत तोंडात टाकलं.

“कडवट आहे. गर नावालाच. करवंदाची सर नाही.”

तरी आणखी सहा तोडली. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत, स्टीलच्या वाटीत सात बिया वाळताहेत. कुठे लावणार आहेस, हे विचारायचं मी टाळते आहे.