साठ फळे आणि दहा बादल्या

दादरमधल्या एका बोर्डगेम कॅफेत मी दर रविवारी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर (खेळ चालवणारा), म्हणून काम करतो. खेळाडू पैसे भरून टेबलाभोवती बसतात, मी कथा पुढे नेतो, आणि नियमांवरून वाद झाला की शेवटचा शब्द माझा असतो. हा शेवटचा शब्द किती जपून वापरावा, याचा हिशेब गेल्या जुलैतल्या एका रविवारी मला एका बँक कर्मचारी ताईंनी शिकवला.

खेळ होता डन्जन्स अँड ड्रॅगन्स, ज्यात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र घेऊन कथेत उतरतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. आम्ही २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. प्रसंग मी रचलेला होता: वेढा पडलेला डोंगरी किल्ला, आत खेळाडूंसह साठ माणसे आणि रिकामी होत चाललेली धान्याची कोठारे. बाहेर दादरला धो धो पाऊस कोसळत असताना मी आत उपासमारीचे वर्णन रंगवत होतो.

ताईंचे पात्र तिसऱ्या पातळीची ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र जाणणारी, होते. या पातळीवर ड्रुइडला दिवसाला पहिल्या श्रेणीचे चार आणि दुसऱ्या श्रेणीचे दोन, असे सहा स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या संधी, मिळतात. गुडबेरी हा मंत्र एक स्लॉट घेतो आणि दहा फळे देतो. एक फळ खाल्ले की माणसाचे दिवसभराचे पोषण होते. दिवसभर एकही मंत्र न वापरता ताईंनी संध्याकाळी सहाही स्लॉट गुडबेरीवर लावले आणि शांतपणे म्हणाल्या, “साठ फळे. साठ माणसे. जेवायला बसवा.”

तीन आठवडे खपून उभा केलेला माझा वेढा एका वाक्यात संपला होता. मी घाबरलो आणि घाईने एक हाउस रूल, म्हणजे फक्त आमच्या टेबलापुरता नियम, जाहीर केला. या मंत्राला मिसलटोची डहाळी लागते (आमच्या टेबलावर तिला सरळ बांडगूळ म्हणतात, आंब्यावरचे बांडगूळ सगळ्यांनी पाहिलेले असते). पुस्तकाप्रमाणे ती डहाळी खर्च होत नाही. मी सांगितले की आजपासून ती दर वेळी खर्च होईल, आणि किल्ल्यावर बांडगूळ असलेले एकच झाड आहे.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या शेजारी बसलेल्या कॉलेजमधल्या मुलाने आपली कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) चार घड्या घालून चहाच्या कपाखाली ठेवली होती, कारण दुपारच्या लढाईत त्याचा योद्धा मेला होता. त्याची जीवनशक्ती शून्यावर येऊन तो पडल्यावर पहिल्या श्रेणीचा एक उपचारमंत्र टाकून ताई त्याला उठवू शकल्या असत्या. “ताई, स्लॉट लोकांसाठी ठेवा,” असे तोच म्हणाला होता, आणि त्यानंतर जीव वाचवण्यासाठी टाकलेल्या फाशाने त्याला तीनदा दगा दिला होता. हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले होते आणि नियम बदलताना मला त्याची आठवणही झाली नव्हती.

“अहो, आमच्याकडे व्याजदर उतरला तरी आधी ठेवलेल्या मुदत ठेवीला जुनाच दर मिळतो,” ताई म्हणाल्या. “याने जीव ठेव म्हणून ठेवला आणि तुम्ही संध्याकाळी दर बदलताय.”

मी नियम तिथल्या तिथे मागे घेतला. सगळी माणसे जेवली. मग मी दहा मिनिटांची सुट्टी मागून पुस्तक आणि माझी वही घेऊन कोपऱ्यात बसलो. गुडबेरीच्या वर्णनात पोषणाचा उल्लेख आहे, पाण्याविषयी एक शब्द नाही. किल्ल्याच्या टाक्यातले पाणी चौथ्या दिवशी आटणार, हे माझ्या वहीत पहिल्यापासून लिहिलेले होते. तहान फळांनी भागत नाही असा अर्थ लावला, तर छापलेला एकही शब्द बदलावा लागत नव्हता. तरीही या वेळी मी तो आधी टेबलासमोर ठेवला आणि लागू कधीपासून करायचा हे ताईंना विचारले. “उद्या सकाळपासून,” त्या म्हणाल्या आणि बिलाच्या पाठीवर आकडे मांडू लागल्या.

पाणी निर्माण करण्याचा मंत्र पहिल्या श्रेणीच्या स्लॉटमधून दहा गॅलन पाणी देतो, म्हणजे साधारण अडीच बादल्या; दुसऱ्या श्रेणीच्या स्लॉटमधून त्याच्या दुप्पट. नियमाने माणसाला रोज एक गॅलन लागते. निम्म्यावर भागवले तर थकवा टाळण्यासाठी फासा टाकावा लागतो. ताईंनी वरचे दोन स्लॉट पाण्याला दिले, चाळीस गॅलन. खालचे चार फळांना, चाळीस फळे. अन्नावाचून माणूस तीन दिवस सहज काढतो, आणि एक दिवस पोटभर मिळाले की ती मोजणी पुन्हा शून्यावर येते, म्हणून त्यांनी रोज वेगळ्या वीस जणांना उपाशी ठेवण्याच्या पाळ्या लावल्या. पाण्याला मात्र पाळी लावता येईना. साठ माणसांत दहा बादल्या पाणी हा आकडा ऐकल्यावर, ज्यांच्या इमारतीत सकाळी तासभरच नळ येतो असे दोघेजण एकदम पुढे सरकून बसले. कोणाला पूर्ण गॅलन द्यायचे आणि कोणाला अर्धे, यावर त्यांनी जो पाऊण तास वाद घातला तो माझ्या कोणत्याही वर्णनापेक्षा रंगला, आणि मी त्यात तोंड उघडले नाही.

दरम्यान त्या मुलाने नवे पात्र तयार केले होते: वेढ्यातून रात्री निसटून वर आलेला एक पखालवाला.

“ताई, मी आलो म्हणजे आता एकसष्ट,” तो म्हणाला.

ताईंनी बिलावरून मान वर न करता उत्तर दिले, “तुझा आधीचा गेला ना? साठच.”