मंद आचेवरचं चिकन सूप

सूप करायचं ठरलं की मी आधी हाडं बघते, मांस नंतर. आईचा ताप उतरला होता, पण तोंडाला चव येत नव्हती. पोळी-भाजीचे दोन घास खाऊन ती ताट बाजूला सारायची. तेव्हा मी अख्खी कोंबडी आणली आणि तुकडे करताना पाठ, मान, पंखांची टोकं, सगळं ठेवून घेतलं. बोनलेस चिकनचं सूप पटकन होतं, पण ते जिभेवर पाण्यासारखं लागतं. सांध्यांत, कूर्चेत म्हणजे मऊ हाडात आणि कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते गरम पाण्यात बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि त्या जिलेटिनमुळेच सूप तोंडात भरल्यासारखं वाटतं. चमचाभर प्यायल्यावर ओठ किंचित चिकटले, तर समजावं की हाडांनी आपलं काम केलं. कोंबडीचे पाय मिळाले तर दोन-तीन जरूर घालावेत. त्यांच्यात मांस जवळजवळ नसतं, पण जिलेटिन भरपूर सुटतं.

चिकन नळाखाली धुवायची सवय मी सोडली आहे. बऱ्याच जणांना हे पटत नाही, पण कच्च्या चिकनवरचे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू धुण्यानं मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. मरतात ते शिजण्यानं. म्हणून तुकडे कागदी रुमालानं टिपून घेते, आणि सुरी, पाट, हात साबणानं स्वच्छ धुऊन मगच भाज्यांना हात लावते. घरात आजारी माणूस असताना तर यात हयगय नकोच.

सव्वा किलोच्या कोंबडीला मी अडीच लिटरच्या आसपास पाणी घेते. तुकडे बुडून वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे. पाणी थंडच घ्यायचं. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात मांसातली प्रथिनं सावकाश सुटतात आणि एकत्र गोळा होऊन वर येतात, त्यामुळे ती काढून टाकता येतात. एकदम उकळत्या पाण्यात तुकडे सोडले तर सूप गढूळ होण्याकडे झुकतं.

इथे भांड्यापाशी उभं राहावं लागतं. पाणी तापायला लागलं की आधी कडेनं राखाडी फेस धरतो. मग त्याचे ठिपके मधे सरकतात, एकमेकांना चिकटतात, आणि बघता बघता सगळ्या पाण्यावर मळकट जाळी पसरते. यात अपायकारक काही नाही, पण ती तशीच राहिली तर मोडून बारीक कणांनी पाण्यात मिसळते आणि सूपाला कडसर झाक येते. मी पळी कडेनं फिरवत तो फेस उचलते आणि वाटीतल्या पाण्यात पळी बुडवून पुन्हा तेच करते. दहा मिनिटांत फेस पांढरा आणि विरळ होतो. मग थांबायचं, कारण त्यानंतर वर येणारा सोनेरी तवंग चरबीचा असतो आणि तो हवा असतो.

आता खरं काम सुरू होतं, ते म्हणजे आच सांभाळायचं. सूप रटरटू द्यायचं नाही. एका कोपऱ्यात एक बुडबुडा फुटावा, थोड्या वेळानं दुसरीकडे एखादा, इतकीच हालचाल दिसली पाहिजे. पाण्याचं तापमान तेव्हा साधारण 85 ते 95 अंश सेल्सिअस असतं. खळखळून उकळलं की चरबीचे थेंब फुटून पाण्यात एकजीव होतात आणि सूप पांढुरकं, तेलकट लागायला लागतं. मांसाचे धागेही आक्रसून कोरडे पडतात. मी गॅसची सगळ्यात लहान शेगडी घेते आणि झाकण थोडं तिरकं ठेवते. पूर्ण झाकलं की आत वाफ कोंडते आणि आपण पाठ फिरवली रे फिरवली की उकळी फुटते. माझ्या मते चांगल्या सूपाचा निम्मा भाग या एका गोष्टीत आहे. मसाले, हर्ब्ज, कुठली भाजी, हे सगळं नंतरचं.

छातीचे तुकडे फार वेळ आत ठेवायचे नाहीत. त्यांच्यात कोलॅजन कमी असतं, त्यामुळे जास्त शिजले की ते चोथ्यासारखे होतात. वीस-पंचवीस मिनिटांत ते शिजतात. थर्मामीटर असेल तर मधोमध 74 अंश दिसले की पुरे. ते काढून, कोमट झाल्यावर मांस सोडवून झाकून फ्रीजमध्ये ठेवते आणि हाडं परत भांड्यात टाकते. तंगडीचे तुकडे मात्र तासभर राहिले तरी मऊ आणि रसाळ राहतात.

आई पडल्या पडल्या विचारत होती, “झालं का गं?” वासानं भूक चाळवली, हेच मला मोठं वाटलं. “अजून तासभर आहे, तू पड,” म्हटलं.

या मधल्या वेळात भावानं विचारलं, की आजारपणात चिकन सूपच का म्हणतात सगळे? समजूत जुनी आहे. बाराव्या शतकातले ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांनी कोंबडीच्या सूपाची शिफारस केली होती. 1978 मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. त्यात निरोगी माणसांना थंड पाणी, गरम पाणी आणि गरम चिकन सूप देऊन नाकातला स्राव किती वेगानं सरकतो ते मोजलं होतं. गरम पाण्यानं वेग वाढला आणि सूपानंही वाढला. 2000 साली त्याच नियतकालिकात अमेरिकेतल्या नेब्रास्काचे डॉ. स्टीफन रेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती पद्धतीचं, भाज्या घातलेलं सूप प्रयोगशाळेत तपासलं. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यामुळे मंदावलेली दिसली. सर्दीतला बराचसा त्रास शरीराच्या दाहातून, म्हणजे आतल्या सुजेतून होतो आणि त्यात या पेशींचा हात असतो, म्हणून हे महत्त्वाचं. पण तो प्रयोग पेशींवरचा होता, आजारी माणसांवरचा नव्हे. त्यामुळे मी सूपाला औषध म्हणत नाही. ज्याला घास गिळवत नाही त्याच्या पोटात पाणी, मीठ आणि प्रथिनं एकदम जातात आणि नाक थोडं मोकळं होतं, माझ्या दृष्टीनं एवढं कारण भरपूर आहे.

भाज्या मी दोनदा घालते. पहिल्या खेपेच्या भाज्या फक्त चवीसाठी असतात. एक मोठा कांदा चार फोडी करून, दोन गाजरं, सेलरीचा एक दांडा, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र. या भाज्या चिकनबरोबर सुरुवातीपासून घालायच्या नाहीत, शेवटच्या पाऊण तासात घालायच्या. तेवढ्या वेळात त्यांचं सगळं पाण्यात उतरतं, त्याहून जास्त ठेवल्या तर चव बोथट होते. कोबी आणि फ्लॉवर या खेपेला अजिबात नकोत, फार वेळ शिजले की त्यांना उग्र गंधकी वास येतो. बटाट्यानं स्टॉक, म्हणजे चिकनचा अर्क उतरलेलं हे पाणी, गढूळ होतो. मग सगळं गाळणीतून गाळून घ्यायचं. गाळणीत दाबायचं मात्र नाही, आपोआप निथळू द्यायचं. उरलेल्या भाज्या गाळ झालेल्या असतात, त्या टाकताना जिवावर येतं खरं, पण त्यांच्यात आता काही उरलेलं नसतं.

खायच्या भाज्या त्यानंतर, गाळलेल्या स्टॉकमध्ये. आधी गाजराच्या चकत्या आणि बटाट्याचे बारीक तुकडे, पाच-सात मिनिटांनी फरसबी, मग मटार आणि मक्याचे दाणे. पालक घालायचा असेल तर गॅस बंद करतानाच. तो नुसत्या गरमपणावर मऊ होतो आणि हिरवा राहतो. आईसाठी मी सगळं जरा जास्त मऊ ठेवलं आणि तुकडे चमच्यात मावतील एवढेच केले. नूडल्स किंवा भात घालायचा असेल तर वेगळा शिजवून वाटीत घालते आणि वरून सूप ओतते. भांड्यातच घातला तर तो सगळा स्टॉक पिऊन टाकतो आणि उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी लापशी होऊन बसतं.

मीठ अगदी शेवटी. तासन् तास मंद आचेवर पाणी आटत असतं, त्यामुळे आधी बरोबर वाटलेलं मीठ नंतर खारट होतं. एकदम न घालता थोडं थोडं घालून चाखावं. एका चिमटीनं सूप अळणी असतं आणि पुढच्या चिमटीला अचानक चिकनची, गाजराची, मिऱ्याची चव वेगवेगळी लागायला लागते. मग सोडवलेलं मांस घालून फक्त गरम करायचं आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळायचं. आईनं वाटी संपवली आणि स्वतःहून आणखी मागितलं.

घाई असेल तेव्हा मी कुकर वापरते. त्यात तापमान 100 च्या वर जातं, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात हाडांतलं बरंच उतरतं. फक्त शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही. दाब एकदम गेला की आतलं पाणी उसळून उकळतं आणि सूप गढूळतं. कुकर आपोआप गार होऊ द्यावा. तरी पातेल्यातल्या सूपाचा नितळपणा मला जास्त आवडतो.

उरलेलं सूप ओट्यावर तसंच ठेवू नये. पसरट भांड्यात काढून, ते थंड पाण्यात ठेवून निववते आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जातं. सकाळी त्याची थरथरती जेली झालेली असते. बिघडलं म्हणून ते टाकू नका, ते जिलेटिन आहे, गरम केलं की पुन्हा पातळ होतं. वर गोठलेली चरबी मी बरीचशी काढते आणि पुढच्या सूपाचा कांदा त्यातच परतते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चालतं, दर वेळी लागेल तेवढंच काढून चांगली उकळी आणायची. जास्त दिवस ठेवायचं असेल तर भाज्या न घालता नुसता गाळलेला स्टॉक फ्रीझरमध्ये ठेवते, कारण गोठवून सोडवलेला बटाटा रवाळ होतो. डबा काठोकाठ भरायचा नाही, गोठताना पाणी फुगतं, म्हणून वर बोटभर जागा सोडावी.