बुवा, लय जरा पळतेय

आषाढीच्या आधीचे दोन महिने आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत अभंगांची रांग लागते. त्या दिवशी पखवाज रेकॉर्ड करून घ्यायचा होता. गाणं, पेटी, टाळ आधीच घेऊन झालेले. बुवा दहाला आले, डाव्या तोंडाला कणीक लावली, स्वर जुळवला, हेडफोन चढवला. भजनी ठेक्याची दोन आवर्तनं झाली आणि हात थांबला.

"कानात दुसराच कुणीतरी वाजवतोय. माझ्या मागून."

मी स्क्रीनकडे पाहिलं. ४८ हजारचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे तुकडे (सॅम्पल); बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी उचलतो तो गठ्ठा, २५६ सॅम्पलचा. म्हणजे आवाज आत यायला पाच मिलीसेकंद, बाहेर पडायला पाच, वर इंटरफेसचे, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचे, दोन-तीन. एवढ्यानं कुणाचं अडत नाही. म्हटलं, "हेडफोनची सवय नाही ना बुवा, होईल."

तीन टेक झाले. तिन्हींत पखवाज टाळाच्या पुढे. मी टॉकबॅकचं बटण दाबून म्हणालो, "बुवा, लय जरा पळतेय." पासष्टी ओलांडलेला माणूस, निम्मं आयुष्य दिंडीत वाजवण्यात गेलेलं. ते काही बोलले नाहीत. सुकत आलेल्या कणकेला पाण्याचा हात लावला आणि हेडफोनची एक बाजू कानावरून मागे सारली. चौथा टेक टाळाला चिकटून आला.

तेव्हा मला घाम फुटला. एक कान मोकळा केल्यावर लय सुधारत असेल, तर बिघाड बुवांमध्ये कसा असेल?

त्यांना चहा दिला आणि मोजायला बसलो. हेडफोनचा एक कप पखवाजाशेजारी ठेवला, मधे मोबाईलचा रेकॉर्डर. बुवांना एकच थाप मारायला सांगितली. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला तर दोन शेंडे: एक खऱ्या थापेचा, दुसरा हेडफोनमधून आलेला. मधलं अंतर ५६ मिलीसेकंद. हवेत आवाज मिलीसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे बुवांना त्यांचाच पखवाज जवळपास एकोणीस मीटर लांबून ऐकू येत होता.

माझ्या हिशेबातल्या तेराच्या वरचे ४३ मिलीसेकंद कुठून आले? सगळे आवाज शेवटी जिथे एकत्र येतात त्या मास्टर ट्रॅकवर लिनिअर फेज इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खर्ज-तार कमीजास्त करणारं एक प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम), बसला होता, २०४८ सॅम्पल अडवून धरणारा. आदल्या रात्री मिक्सिंग केलेला प्रोजेक्ट मी तसाच उघडून त्यात रेकॉर्डिंग लावलं होतं. तयार गाणं ऐकताना सॉफ्टवेअर सगळे ट्रॅक सारखेच मागे ढकलतं, त्यामुळे काही कळत नाही. कळतं ते फक्त समोर बसून वाजवणाऱ्याला. आणि स्क्रीनवरचा आकडा ड्रायव्हरचा असतो, प्लगइनचा उशीर त्यात धरलेलाच नसतो. हे मला माहीत होतं, हे जास्त लागलं.

इक्वलायझर काढला आणि बफर ६४ वर आणला, तर आवाजात फटाके, नुसती तडतड. आता इथे लोक रॅम वाढवायला सांगतात. मीही गेल्या वर्षी दुकानदाराचं ऐकून आठ जीबीची सोळा केली होती. सॅम्पलची लायब्ररी पटकन उघडते, फटाके तेवढेच. प्रोसेसर कशात अडकतो ते दाखवणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्राम लावून पाहिला, तर दर काही सेकंदांनी वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसत होता. सरासरी काम कमीच असतं हो, पण ६४ सॅम्पलच्या बफरला सव्वा मिलीसेकंदात माल हातात लागतो. त्या क्षणी दारात दुसरा कुणी उभा राहिला की संपलं. वायफाय बंद केलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला, यूएसबीची वीजबचत बंद केली, गाण्याचे जड रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे प्लगइन) ट्रॅकमध्येच कायमचे छापून टाकले, म्हणजे प्रोसेसरला ते पुन्हा पुन्हा काढावे लागू नयेत. फटाके थांबले. पुन्हा थाप मोजली: सहा मिलीसेकंद.

दुपारचे दोन वाजले होते. बुवांनी नवी कणीक भिजवली, दोन्ही कान झाकले आणि एका टेकमध्ये अभंग संपवला. शेवटच्या तिहाईवर, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलावर, मी आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवरचा हातच काढून घेतला होता.

निघताना त्यांनी विचारलं, "मशीनला काय झालं होतं?"

"काही नाही, जरा सेटिंग होतं," मी म्हणालो.

ते पखवाजाला गवसणी घालत होते. "मग लय?"

मी केबल गुंडाळायला लागलो. उशिरा येणारी थाप वेळेत पडावी म्हणून हात आपोआप घाई करत होता, हे त्यांना सांगायला हवं होतं. ते तीन टेक अजून डिस्कवर आहेत. पुढच्या महिन्यात बुवा परत यायचे आहेत.