तुम्ही विचारलंत म्हणून : हा पेटारा अजून कशाला?

परभणीतल्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत येणारा माणूस आधी कूलरसमोरची खुर्ची शोधतो आणि मग टेबलाखाली पाहतो. तिथे काळ्या पत्र्याचे, गुडघ्याएवढ्या उंचीचे एक केबिनेट आहे आणि ते उचलायचे तर दोन्ही हातांबरोबर थोडी कंबरही लागते. लग्नाचा व्हिडिओ न्यायला आलेले लोक त्याबद्दल काही बोलत नाहीत, पण माझ्याकडे एडिटिंग शिकायला येणारी मुले, आणि सोयाबीनचे पैसे हातात आले की त्यांच्यासोबत येणारे त्यांचे वडील, हमखास विचारतात, “सर, आता तर तळहातावर मावणारे कॉम्प्युटर आलेत. तुम्ही हा पेटारा अजून कशाला ठेवलाय?” मी आजवर “सवय आहे” असे सांगून वेळ मारून नेत आलो. मात्र विचारणाऱ्याला स्वतःसाठी यंत्र घ्यायचे असते आणि त्यात घरचा पैसा जायचा असतो, म्हणून एकदा नीट उत्तर द्यायला हवे.

यंत्र लहान असावे की मोठे, हा वाद नवा नाही आणि तो सर्वांत उघडपणे घातला गेला तो ॲपलच्या मॅक प्रो या व्यावसायिक कामाच्या कॉम्प्युटरवरून. मी पुण्यात काम शिकलो तेव्हा तिथे जुना मॅक प्रो होता : ॲल्युमिनियमचा, अर्धा मीटर उंच आणि वजनाला अठरा किलोंच्या पुढे. त्याच्या पाठीमागची कडी उचलली की एका बाजूचा पत्रा अलगद हातात येत असे. आत चार हार्ड डिस्क चार लहान ट्रेमध्ये बसवलेल्या असत आणि ट्रे ओढला की टेबलाचा खण बाहेर यावा तशी डिस्क बाहेर येई, एकही वायर न काढता. त्याशिवाय ग्राफिक्स, ध्वनी अशा जादा कामांची कार्डे खोचायला चार स्लॉट, म्हणजे खाचा, होत्या. माझे गुरुजी एक काम संपले की तो ट्रे काढून कपाटात ठेवत आणि दुसऱ्या कामाचा आत सरकवत. किराणा दुकानदार ज्या सहजतेने डाळीचा डबा बदलतो, त्याच सहजतेने.

२०१३ च्या जून महिन्यात ॲपलने या यंत्राचे नवे रूप दाखवले आणि वर्षाच्या अखेरीस ते बाजारात आणले. ते काळ्या चकचकीत नळकांड्याच्या आकाराचे होते, उंची २५ सेंटीमीटर, वजन ५ किलो. जुन्या यंत्राच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढी जागा ते व्यापत होते, म्हणजे आपल्याकडच्या पाच लिटरच्या तेलाच्या डब्यापेक्षा थोडेसेच मोठे. मधोमध ॲल्युमिनियमचा एक त्रिकोणी गाभा, त्याच्या तीन बाजूंना एक प्रोसेसरचा बोर्ड आणि दोन ग्राफिक्सचे, म्हणजे पडद्यावरचे चित्र घडवणारे, बोर्ड, आणि वर एकच पंखा, जो खालून हवा ओढून धुराड्यासारखी वर सोडत असे. रचना म्हणून ती आजही मला सुंदर वाटते. पण हार्ड डिस्कचे ट्रे गेले, कार्डांचे स्लॉट गेले. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि एक एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) तेवढी बदलता येत होती. बाकी जे हवे ते मागच्या सहा थंडरबोल्ट पोर्टांना, म्हणजे वेगवान वायर लावायच्या जागांना, बाहेरून जोडा, असे कंपनीचे म्हणणे होते.

त्यावर जो वाद झाला त्यात दोन्ही बाजूंचे बरोबर होते, असे मला तेव्हाही वाटले होते. ज्याचे सगळे फुटेज आधीच दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या स्टोरेजवर असते, त्याला टेबलावर मोकळी जागा आणि शांतता हवी असते. ज्याच्याकडे चार डिस्क आणि दोन जादा कार्डे आहेत, त्याच्या टेबलावर मात्र छोट्या यंत्राभोवती चार डबे, चार ॲडॉप्टर आणि वायरींचे जाळे येते. घर लहान केले म्हणून संसार लहान होत नाही. माळ्यावरचे सामान ओसरीवर येते, एवढेच.

त्या नळकांड्याला अडचण आली ती मात्र टेबलावरच्या गर्दीमुळे नव्हे, तर उष्णतेमुळे. तीन बाजूंवर साधारण सारखी उष्णता पडेल, असे गृहीत धरून तो त्रिकोणी गाभा बनवला होता. दोन मध्यम ताकदीची ग्राफिक्स कार्डे एकत्र काम करतील, असा त्यामागचा अंदाज होता. पुढच्या काही वर्षांत जग एकाच दांडग्या ग्राफिक्स कार्डाकडे वळले आणि एका बाजूवर एवढी उष्णता झेलण्याची सोय त्या आकारात नव्हती. म्हणून त्यात नवीन कार्ड आलेच नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये कंपनीने काही पत्रकारांना बोलावले आणि त्या बैठकीत सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी उष्णतेच्या बाबतीत आपणच आपल्याला कोपऱ्यात अडकवून घेतल्याची कबुली दिली. २०१९ च्या अखेरीस पुन्हा उभा पेटारा आला : आठ स्लॉट, १,४०० वॉटचा पॉवर सप्लाय, आणि खाली चाके हवी असतील तर त्यांचे ४०० डॉलर वेगळे. तेवढ्या पैशांत आमच्याकडे जुनी मोटारसायकल येते आणि तिलाही दोन चाके असतात.

उष्णतेची ही गोष्ट मी एवढी लांबवली, कारण परभणीत बसणाऱ्याला ती आपल्याच घरची वाटते. आमची लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत असते, म्हणजे पारा ४२-४३ अंशांवर असतो तेव्हाच आमचे सर्वांत जास्त काम असते. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीची हवाच तापलेली असेल तर तेवढी सवलत आधीच गेलेली असते, आणि मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. माझ्याकडे एक लहान डबा होता, त्याची हकिगत पुढे येईलच; जे रेंडर, म्हणजे एडिट झालेल्या कामाचा अंतिम व्हिडिओ बनवणे, तो जानेवारीत पाऊण तासात संपवत असे, त्यालाच मे महिन्यात तास उलटून जाई आणि पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येई. त्यात आमचा फुपाटा. काळ्या रानातली ती बारीक धूळ खिडकी लावली तरी आत येते. दिवाळीच्या आधी मी केबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारतो, तेव्हा पंख्याच्या जाळीवरून धुळीचा थर अख्खाच्या अख्खा सुटतो, घोंगडीचा तुकडा कापून काढावा तसा. पेटाऱ्याचे चार स्क्रू काढून मला हे करता येते. त्या लहान डब्याचे झाकण खालून क्लिपांनी दाबलेले होते आणि ते काढताना माझ्याच हातून एक क्लिप तुटली.

आता त्या डब्याची हकिगत. तीन-चार वर्षांपूर्वी मलाही लहान यंत्राचा मोह झाला होता. कंपनीचे नाव सांगत नाही. वर्षभर त्याने उत्तम काम केले. मग एका मे महिन्यात लाईट गेली, आली, पुन्हा गेली आणि ती दुसऱ्यांदा आली तेव्हा डबा चालूच झाला नाही. स्टेशन रोडवरच्या आमच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि हात टेकले, कारण रॅम आणि स्टोरेज दोन्ही मुख्य बोर्डावरच डाख देऊन बसवलेले होते. देवगिरी एक्स्प्रेसने मी तो संभाजीनगरला नेला. तिथल्या सेवा केंद्रात अख्खा बोर्ड बदलावा लागेल आणि आतला डेटा मिळणार नाही, असे सांगण्यात आले. त्या स्टोरेजवर एका लग्नातली हळद होती. कॅमेऱ्याची कार्डे मी दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगसाठी पुसून टाकलेली होती, हा दोष सर्वस्वी माझा. दुसरी प्रत न ठेवणाऱ्याने यंत्राला बोल लावू नये. तरीही पेटाऱ्यातला बोर्ड जळाला असता तर मी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली असती आणि बहुधा संध्याकाळपर्यंत हळद हातात असती. मुलीच्या वडिलांनी भांडण केले नाही. त्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत.

त्यानंतर मी एक हिशेब मांडला. माझ्या पेटाऱ्याला नऊ वर्षे झाली आहेत; या नऊ वर्षांत मी आत नेमके काय केले? रॅम दोनदा वाढवली, १६ ची ३२ आणि मग ६४ जीबी. ग्राफिक्स कार्ड एकदा बदलले. पॉवर सप्लाय दोनदा जळाला आणि दोन्ही वेळा त्याच दिवशी गावातूनच नवा आणून बसवला. हार्ड डिस्क पाच बदलल्या. प्रोसेसर मात्र पहिलाच आहे आणि बोर्डावरच्या सात स्लॉटांपैकी सहा स्लॉटांत आजवर फुपाट्याशिवाय काही शिरलेले नाही. वाढवता येते म्हणून मोठे यंत्र घ्यावे, असे जे सांगितले जाते, ते माझ्या बाबतीत निम्मेच खरे ठरले. मी वाढवले थोडे आणि बिघडलेले बदलले जास्त. दुरुस्तीची सोय तीन तासांवर असलेल्या गावात त्या चार स्क्रूंची किंमत पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी असते.

डिस्कचाही प्रश्न आहेच. आम्ही ज्या दर्जावर ४के शूटिंग करतो त्यात एका तासाला साधारण ४५ जीबी फुटेज होते. तीन कॅमेरे सहा तास चालले की एका लग्नाचे ८०० जीबी. हे फुटेज बाहेरच्या डिस्कवर ठेवायला हरकत नाही, फक्त ती डिस्क कोणत्या सॉकेटला लावली आहे ते पाहावे. माझ्या एका विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर यूपीएसवर होता आणि डिस्कचा ॲडॉप्टर भिंतीतल्या साध्या बोर्डात. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू राहिला, डिस्क मात्र कॉपी अर्धवट असतानाच बंद पडली. पेटाऱ्यात सगळ्यांचा पॉवर सप्लाय एकच, म्हणून जगले तर सगळे जगतात.

असे असले तरी लहान यंत्राच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की मराठवाड्यात त्याला तोड नाही, आणि तो म्हणजे वीज. माझा पेटारा रेंडर करताना मॉनिटरसकट ४०० वॉटच्या आसपास ओढतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते, प्रत्यक्षात बरीच कमी. त्यामुळे भारनियमनात माझे काम तीन तासही धड चालत नाही. ॲपलचा लहान कॉम्प्युटर, २०२४ चा मॅक मिनी, १२.७ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटीमीटर उंच आहे. स्वस्थ बसला असता तो चार-पाच वॉटच घेतो आणि कामाला लागला तरी माझ्या पेटाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्याच बॅटरीवर तो आणि मॉनिटर मिळून अर्धा दिवस निघतो. ज्या गावात शेतीच्या वेळापत्रकाने लाईट येते, तिथे हा मुद्दा बाकी सगळ्यांना मागे टाकू शकतो.

रॅम बोर्डावर किंवा चिपशेजारी कायमची बसवण्यामागे निव्वळ लबाडी असते, असेही मी म्हणणार नाही. जवळ असल्यामुळे ती वेगवान होते : ॲपलच्या एम-२ अल्ट्रा चिपची मेमरी सेकंदाला ८०० जीबीपर्यंत डेटा पोचवते, तर नेहमीच्या पेटाऱ्यातल्या रॅमच्या दोन नव्या डीडीआर-५ पट्ट्या मिळून ९० च्या आसपास. याच चिपमुळे पेटाऱ्याची थोडी थट्टाही झाली. २०२३ चा मॅक प्रो बाहेरून तसाच उंच राहिला, आत सात स्लॉटही होते, पण त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड चालत नव्हते आणि रॅम वाढवता येत नव्हती. तीच चिप असलेला ॲपलचाच लहान मॅक स्टुडिओ तेव्हा ३,९९९ डॉलरला होता आणि हा पेटारा ६,९९९ ला. ध्वनीची किंवा व्हिडिओ घेण्याची खास कार्डे लागणाऱ्या मोजक्या लोकांना ते वरचे ३,००० डॉलर परवडले असतील. इतरांसाठी तो बैल नसलेला गोठा.

म्हणून मला विचाराल, तर मी आधी आकार पाहतच नाही. यंत्र उलटे करून पाहतो : झाकण साध्या स्क्रूने उघडते का, एसएसडी काढता येते का, पॉवर सप्लाय गावात मिळतो का. ही तीन उत्तरे होकारार्थी असतील तर डबा लहान असला तरी चालेल. रॅम कायमची बसवलेली असेल, तर पुढे वाढवू म्हणून पहिल्या दिवशी काटकसर करू नये, कारण तो ‘पुढे’ येत नाही. माझ्यासारखा रोज तीन कॅमेऱ्यांचे फुटेज ओढणारा, ज्याच्या खोलीत वीज बऱ्यापैकी टिकते, त्याने अजून पेटारा सोडू नये.

पाथरीकडचा एक मुलगा यंदा शिकून गेला. त्याच्या गावी लाईट मोजून येते आणि त्याचे काम एका कॅमेऱ्याचे आहे, म्हणून त्याला मी लहानच यंत्र घ्यायला लावले. एसएसडी निघणारे, रॅम पहिल्या दिवशीच पुरेशी, आणि दोन बाहेरच्या डिस्क त्याच यूपीएसवर. मागच्या आठवड्यात त्याचे वडील भेटले. घरात सोयाबीनची पोती असल्यामुळे उंदरांचा त्रास आहे, ही गोष्ट माझ्या हिशेबातच नव्हती. माझ्या पेटाऱ्याच्या उघड्या स्लॉटातून आत शिरून उंदराने पंख्याची वायर एकदा कुरतडली होती, तेही मी विसरलो होतो. ते मला म्हणाले, “सर, ह्याला आम्ही रात्री लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावतो. तुमच्याला कुठं ठेवता?”