काहिलीशेजारचे तीन दिवस

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जणांनी मिळून बारा मिनिटांचा एक लघुपट चित्रित केला. गुळव्याचे, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करण्याचे, काम करणारा बाप आणि ते काम नको म्हणणारा मुलगा, एवढीच त्याची गोष्ट, आणि ती सगळी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर घडते. प्रत्यक्ष चित्रीकरण तीन दिवसांचे होते. पण त्यात जे चांगले उतरले ते आधीच्या अकरा पहाटांमुळे उतरले, म्हणून तिथूनच सांगायला सुरुवात करतो.

पटकथा घेऊन मी पहिल्यांदा गुऱ्हाळावर गेलो तेव्हा ती पूर्ण झाली आहे, अशी माझी समजूत होती. तीत बाप काहिलीतल्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतल्या, रसाचा रंग पाहून ‘झाला’ म्हणतो आणि गडी काहील उतरवतात. तिथले वयस्कर गुळवे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “रंगावर जाऊ नगंस पोरा. बुडबुडं बघ, वास घे आणि मग पाण्यात टाकून बघ.” त्यांनी उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि पितळी ताटलीत टाकली. टण्ण असा आवाज झाला. पाक साधारण ११८ अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की गोळी अशी वाजते. मामांना मात्र आकड्याची गरज नव्हती. त्या रात्री मी शेवटचा प्रसंग फाडून नव्याने लिहिला. गुऱ्हाळ सोडून निघालेला मुलगा बाहेर पाठमोरा उभा आहे, आतून गोळीचा आवाज येतो, आणि वळून न पाहताच तो म्हणतो, “अजून कच्चा हाय.” काम नाकारणाऱ्या पोराच्या कानात ते काम मुरलेले आहे, हे घरी टेबलाशी बसून मला कधीच सुचले नसते.

त्यानंतर मी दहा पहाटे कॅमेरा न घेता तिथे बसलो. एका आधणाला, म्हणजे काहिलीभर रस उकळून उतरवायला, अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे दिवसात पाक उतरण्याचा क्षण तीन-चार वेळाच येतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. आपण ‘पुन्हा एकदा’ म्हणू शकत नाही, हे कळल्यावर मी प्रत्येक आधणात कोण कुठे उभे राहते, वाफ कोणत्या बाजूला वळते, मामा झारा कोणत्या हातात घेतात, याची वहीत नोंद केली. बापाची भूमिका करणारे आमचे नट केशवराव भोसले नाट्यगृहात अनेक वर्षे काम केलेले. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. तेही चार पहाटे माझ्याबरोबर आले, रसावरची मळी काढायला शिकले, आणि तिथेच त्यांना उमगले की काहिलीखालच्या चुलवाणाजवळ माणूस ओरडत नाही, कमी शब्दांत बोलतो. त्यांनी स्वतःहून आपली निम्मी वाक्ये गाळली.

एवढी तयारी असूनही पहिला दिवस हातचा गेला. जानेवारीतली थंडी, रात्रभर गाडीत राहिलेला कॅमेरा, आणि आम्ही तो थेट वाफेत नेला. लेन्सवर दव धरले आणि पहिले आधण ती पुसण्यातच संपले. दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्याची बॅग न उघडता चाळीस मिनिटे आत ठेवायची, म्हणजे काच हळूहळू तापते, असा नियम आम्ही केला. दुसरी चूक रात्री लॅपटॉपवर दिसली. सेकंदाला २४ फ्रेम असताना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, चुकून १/६० सेकंदावर राहिले होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. १/५० ला त्यातले बरोबर दोन ठोके बसतात, १/६० ला बसत नाहीत. बापाच्या चेहऱ्यावरून उजेडाच्या लाटा सरकत होत्या. “चालतंय की, धुरात कोण बघतंय?” असे आमच्यातला एक जण म्हणाला. तो दमलेला होता आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण त्याच शॉटमध्ये बाप पहिल्यांदा मुलाकडे पाहतो, आणि तो सोडून दिला असता तर पुढच्या दोन दिवसांत मी स्वतःलाच काही मागू शकलो नसतो. रात्री एकपर्यंत वाद झाला. शेवटी सगळे पुन्हा करायचे ठरले.

पुन्हा करताना आम्ही शटर तर बदललेच, शिवाय ट्यूबच बंद करून टाकल्या. कोल्हापूर शहरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅमेरा घडवला आणि सूर्यप्रकाश वळवण्यासाठी रिफ्लेक्टर वापरले. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून मी रोज जातो, पण उजेड नुसता असतो तसा घ्यायचा नसतो, हे त्या पहाटे खऱ्या अर्थाने पटले. चुलवाणात उसाची वाळकी चिपाडे सारली की खालून तांबडा उजेड येई आणि ती जळून बसली की ओसरे. पूर्वेच्या दारात पांढरा थर्माकोल धरून चेहऱ्याची दुसरी बाजू आम्ही किंचित उजळ केली. चुलवाणावरच्या गड्याला मी विनंती केली की बाप वर पाहील तेव्हाच चिपाड सारा. त्याने तीन आधणांत एकदाही वेळ चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी, सगळे आवरल्यावर, ध्वनिमुद्रण करणाऱ्या आमच्या सहकारिणीने एक मिनिटाची शांतता मागितली. रिकाम्या जागेचा आवाज नोंदवून ठेवला की संकलनात वाक्यांमधले सांधे बुजवता येतात. मामांनी गड्यांना हाताने थांबवले. विझत चाललेला जाळ, वाफ्यात, म्हणजे पाक ओततात त्या उथळ जागेत, निवणारा गूळ, दूर पंप. त्यानंतर तिने मामांकडून गोळी सात वेळा ताटलीत टाकून घेतली, तीन वेळा आतून आणि चार वेळा मुलगा उभा राहतो त्या जागेवरून.

संकलनाच्या टेबलावर शेवटच्या प्रसंगात बाप-लेकाचे चाळीस सेकंदांचे बोलणे होते. आम्ही ते सगळे काढले. आता तिथे ते शांत मिनिट आहे, त्यात बाहेरून नोंदवलेला सहावा टण्ण आहे, आणि मुलाचे तेवढे एकच वाक्य आहे.