पाण्याचं काय?

म्युनिकमधल्या एका उपाहारगृहात आम्ही जाऊन बसलो. मेनूकार्डं आली, काटे-सुऱ्या आल्या, घडी घातलेले रुमाल आले. पाणी काही येईना. सासूबाईंनी टेबलावरून दोनदा नजर फिरवली.

"आपण आलोय हे त्यांना दिसलं नसेल अजून."

दिसलं होतं. वेटर आला आणि त्याने अदबीने विचारलं, पाणी हवंय का, आणि हवं असेल तर गॅसचं की बिनगॅसचं? सासूबाईंच्या आयुष्यात पाण्याचा आणि गॅसचा संबंध आजवर फक्त चहा टाकताना आलेला. आम्ही बिनगॅसचं सांगितलं. एक नाजूकशी काचेची बाटली आली, त्यातून चार ग्लासांत प्रत्येकी दोन-दोन घोट पडले आणि बिलात तिचे साडेतीन युरो लागले. आमचा पुतण्या तिथे नोकरीला आहे. त्याने आजीला समजावलं, "आजी, इथे पाणी मागवायचं असतं. बिअर मागवतात तसंच." मग आणखी एक गंमत सांगितली. जर्मनीच्या उपाहारगृहांच्या कायद्यातच एक कलम आहे: दारू मिळत असेल तिथे निदान एक तरी बिनदारूचं पेय असं ठेवायचं, की ते सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसेल. असा कायदा करावा लागला, यावरून काय ते ओळखावं.

आपल्याकडे कुठल्याही हॉटेलात शिरा, बूड टेकायच्या आत पोऱ्या चार ग्लास आणून आदळतो. बऱ्याचदा चारही एकाच हाताच्या बोटांत धरलेले, बोटं अर्थातच आत. ते पाणी आपण पीत नाही ही गोष्ट वेगळी. आपण ते बाजूला सारतो आणि "एक बाटली आण रे" म्हणतो. पण ते समोर यायला हवं. न मागता यायला हवं. ते आलं नाही की आपल्याला कुणी 'या' म्हणालंच नाही असं वाटत राहतं, आणि सासूबाईंना त्या संध्याकाळी नेमकं तसंच वाटलं.

पुतण्याच्या घरी प्रश्न उलटा होता. ओट्यावर फिल्टर नव्हता. तो सरळ नळाखाली ग्लास धरायचा आणि प्यायचा. "उकळलंयस का?" हा प्रश्न सासूबाईंनी विचारला, मी मनात विचारला आणि नवऱ्याने चेहऱ्यावर आणला. पुतण्या म्हणाला, म्युनिकला 1883 पासून आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून पाणी येतं, इथले लोक त्याचं कौतुक सांगताना थकत नाहीत. आम्ही मान डोलावली आणि पहिले दोन दिवस गुपचूप किटलीत उकळून प्यायलो. बरं, ज्यांना कौतुक आहे ते जर्मन तरी कुठे पितात? त्याच्या इमारतीतली माणसं शनिवारी फसफसणाऱ्या पाण्याचे क्रेटच्या क्रेट गाडीतून उतरवताना दिसायची. नळाला इतकं चांगलं पाणी असताना ते बुडबुड्यांसाठी इतकं वजन का उचलतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच्या शेजारी एक वयस्कर बाई राहतात. त्यांनी आम्हाला दुपारच्या कॉफीला आणि केकला बोलावलं. घर लख्ख, टेबलावर इस्त्रीचा कपडा, मधोमध प्लमचा केक. त्यांनी सासूबाईंना विचारलं, काय घेणार, कॉफी की चहा? सासूबाई म्हणाल्या, "नको नको, काही नको." आपल्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. बाईंनी मान हलवली, "बरं," म्हणाल्या आणि आमच्या तिघांचे कप भरले. सासूबाईंपुढे रिकामी बशी. त्या पुढच्या 'अहो, थोडं तरी'ची वाट पाहत होत्या, आणि बाई त्यांच्या 'नको'चा मान राखत होत्या. दोघीही आपापल्या परीने अगदी सभ्य वागत होत्या. शेवटी पुतण्याने मध्ये पडून मांडवली केली, तेव्हा सासूबाईंना कॉफी मिळाली. परतताना जिन्यात त्या एवढंच म्हणाल्या, "बाई चांगली आहे हो. पण एकदाच विचारते."

माझ्या मुलीला या सगळ्यात रस नव्हता. तिला जर्मनीत उद्योग सापडला होता. तिथे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर 25 सेंट अनामत घेतात, 2003 पासून. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्राच्या तोंडात घातली की ते ती गरागरा फिरवतं, गिळतं आणि शेवटी एक चिठ्ठी देतं. ती गल्ल्यावर दिली की पैसे. आमच्या प्रत्येक बाटलीवर तिचा डोळा असे, अर्धी भरलेली असली तरी. पण संध्याकाळी स्टेशनजवळ एक आजोबा दिसले. कोट नीटनेटका, हातात छोटी बॅटरी. ते कचऱ्याच्या डब्यात उजेड पाडून बाटल्या शोधत होते. काही लोक आपली रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी उभी करून जात, म्हणजे शोधणाऱ्याला आत हात घालावा लागू नये. मुलीने हातातली बाटली तशीच ठेवली. त्यानंतर यंत्राकडे तिच्या फेऱ्या कमी झाल्या.

व्हिएन्नात मात्र सासूबाईंची कळी खुलली. तिथल्या कॉफीहाउसात कॉफी नुसती येतच नाही. छोट्या लंबगोल ट्रेमध्ये कप, शेजारी पाण्याचा ग्लास, ग्लासावर पालथा घातलेला चमचा. न मागता आलेलं पाणी! एका कॉफीवर तासभर बसा, कुणी उठवत नाही. आमचा ग्लास संपला तसा वेटर दुसरा घेऊन आला, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही, पण ग्लास भरलेला. हे वेटर तुसडेपणाबद्दल प्रसिद्ध आहेत म्हणे. सासूबाईंना तो जराही तुसडा वाटला नाही. पाणी दिलं ना, संपलं.

हे पाणी येतं कुठून, याची गोष्ट मला तिथे अनपेक्षितपणे माहेरी घेऊन गेली. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात विहिरींच्या दूषित पाण्याने कॉलरा आणि टायफॉइड पसरत असे. एदुआर्द झ्यूस नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ शहराच्या नगरपरिषदेत होते. दूरच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी थेट शहरात आणायचं ही कल्पना त्यांनी लावून धरली. 1873 मध्ये ते आलं आणि श्वार्झेनबर्ग चौकात उंच कारंजं उडवून, बादशहा फ्रान्झ योसेफ यांच्या हजेरीत त्याचा सोहळा झाला. ते कारंजं आजही आहे. झ्यूस यांचं नाव मी शाळेत ऐकलं होतं, पण पाण्यासाठी नव्हे. दक्षिणेतले खंड एके काळी एकमेकांना जोडलेले होते, त्या महाखंडाला गोंडवनालँड हे नाव त्यांनी दिलं. माझं माहेर चंद्रपूर, गोंड राजांची राजधानी. ज्या माणसाने आमच्या भागाचं नाव जगाच्या नकाशावर नेलं, त्याने आणलेलं पाणी मी व्हिएन्नात फुकट पीत होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाण्याचा ग्लास ही काय चीज असते ते ज्याला माहीत आहे, त्याला माझ्या डोळ्यांत पाणी का आलं हे सांगायला नको. नवऱ्याला सांगावं लागलं. तो पुण्याचा आहे.

रोममध्ये चित्र पुन्हा फिरलं. रस्त्यावर ठिकठिकाणी बिडाचे जाडजूड नळखांब आहेत, 1874 पासून बसवलेले, साधारण अडीच हजार. नळाच्या बाकामुळे लोक त्यांना मोठं नाक म्हणतात. त्या नाकातून रात्रंदिवस पाणी वाहत असतं, थंडगार, पिण्याचं, फुकट. सासूबाईंनी पहिला नळ पाहिला आणि त्या ताबडतोब चावी शोधायला वाकल्या. चावी नव्हती. दुसऱ्या नळालाही नव्हती. "अरे, कुणीतरी बंद करा रे!" पाणी वाहतं ठेवलं की नळीत साचून खराब होत नाही, हा रोमचा खुलासा. एका आड एक दिवस पाणी येणाऱ्या घरात पन्नास वर्षं पिंपं भरलेल्या बाईला तो कसा पटावा? 2017 च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला तेव्हा रोमलासुद्धा यातले बरेच नळ बंद करायला लागले होते. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं.

त्या नळाला वरच्या बाजूला बारीक भोक असतं. नाकपुडी बोटाने दाबली की पाणी त्या भोकातून वर कमानीसारखं उडतं, आणि तोंड न लावता पिता येतं. उष्ट्याचा प्रश्नच मिटला! सासूबाईंनी रोमच्या भर चौकात पदर सावरून असं काही सराईतपणे पाणी प्यायलं, की मागे उभ्या असलेल्या पर्यटकांनी त्यांना पाहून शिकून घेतलं. आणि त्याच चौकातल्या उपाहारगृहात बसलो तर? बाटली. नळाचं द्या म्हटल्यावर वेटरने आम्ही त्याच्या आईला नावं ठेवल्यासारखं पाहिलं. दोन पावलांवर शहर पाणी ओतून देतंय, आत आलात की विकत घ्या.

तेव्हा मला वाटलं, पाणी द्यायचं कुणी, याची वाटणीच तिथे निराळी आहे. ते काम शहराचं. त्रेवीच्या कारंज्यापाशी पैसे टाकायला जी झुंबड उडते, त्या कारंज्याचं पाणी ज्या जलवाहिनीचं, ती रोमन सेनापती अग्रिपाने इसवी सनापूर्वी 19 मध्ये बांधली. शहराने दोन हजार वर्षं हे काम डोक्यावर घेतलं असेल, तर पाहुण्याला पाणी विचारायचं ओझं यजमानाच्या डोक्यावर का राहील? आपल्याकडे शहराचा भरवसा नाही, म्हणून माणसाने तांब्या पुढे करायचा. वैशाखात एखादा शेठ किंवा तरुण मंडळ ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण मांडतं, तीही माणसांनीच केलेली सोय. मला खरं तर दोन्ही हवं आहे. रोमचा नळ आणि सासूबाईंचा तांब्या.

आता पाण्याचा दुसरा विषय. तो टाळून युरोपवर लिहिणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. सकाळी उठल्यावर कागदाच्या गुंडाळीकडे पाहून जे वाटतं ते सगळ्यांनाच वाटतं. सामानात एक प्लास्टिकचा मग जातोच, वर कपड्यांत गुंडाळून, कस्टमवाल्याला काय सांगायचं याची तयारी ठेवून. इटलीत मात्र न्हाणीघरात एक ठेंगणं, नळ असलेलं भांडं दिसलं, धुवायच्या सोयीचं, बिडे नावाचं. मुलीने त्यात पाय धुतले. नवऱ्याने मोबाइलवर वाचून जाहीर केलं, की 1975 च्या एका सरकारी आदेशानुसार इटलीतल्या प्रत्येक घरात एका तरी न्हाणीघरात ते असायलाच हवं. त्या दिवसापासून त्याला इटालियन संस्कृतीबद्दल जो आदर वाटू लागला, तो मायकेलअँजेलो पाहूनही वाटला नव्हता. पुढे पॅरिसमध्ये तो मोठ्या आशेने न्हाणीघरात शिरला. वस्तू मुळात फ्रेंच, नावही फ्रेंच, पण हॉटेलात नव्हती. मग बाहेर निघाला. युरोपात बाहेरची सोय कुठे फुकट, कुठे अर्धा युरो, कुठे एक. जायला पैसे आणि प्यायला पैसे, म्हणजे एका पाण्याचे दोनदा, हा हिशेब त्याने तिथेच मांडला.

प्यायच्या पाण्याच्या बाबतीत मात्र पॅरिस समजूतदार निघालं. तिथे जेवायला बसल्यावर साध्या पाण्याचा जग मागितला तर फुकट मिळतो, आणि तो मिळतो हे हॉटेलांनी दर्शनी भागात किंवा मेनूवर लिहिलं पाहिजे, असा 2022 पासून नियम आहे. मागावा लागतो, हे खरं. सासूबाईंनी ते फ्रेंच वाक्य पुतण्याकडून फोनवर पाठ करून घेतलं आणि प्रत्येक जेवणाला त्याच म्हणत. उच्चार मराठी होता, अधिकारही मराठी होता. जग येत असे.

मॉंमार्त्रच्या चढावर आम्हाला हिरव्या रंगाचं एक बिडाचं कारंजं लागलं. चार बाया हात उंच करून घुमट पेलताहेत आणि मधून पाण्याची धार. 1870-71 मध्ये पॅरिसला प्रशियाचा वेढा पडला होता. पाण्याच्या वाहिन्या उद्ध्वस्त झाल्या, पाणी महागलं. गरिबाला पाण्यापेक्षा दारू परवडायची. रिचर्ड वॉलेस नावाच्या श्रीमंत इंग्रजाने स्वतःच्या पैशाने 1872 मध्ये अशी कारंजी उभारायला घेतली. त्या चार बाया म्हणजे दया, साधेपणा, दानत आणि संयम. पूर्वी साखळीला अडकवलेले पेले होते, 1952 मध्ये आरोग्याच्या कारणाने काढले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पाणपोईच की," म्हणाल्या, आणि पुण्याहून आणलेली तांब्याची बाटली धारेखाली धरली. कुणीतरी आपल्या पैशाने घातलेलं पाणी त्यांना शहराच्या पाण्यापेक्षा जास्त आपलं वाटलं असावं. मी विचारलं नाही.

ती बाटली परतीच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत तशीच भरलेली निघाली. शंभर मिलिलीटरच्या वर द्रव नेता येत नाही, तिकडे ओता, असं तिथल्या मुलीने खुणेने सांगितलं. सासूबाईंनी बाटली छातीशी धरली. पाणी ओतायचं? पाणपोईचं? त्या रांगेतून बाजूला झाल्या आणि आम्हा तिघांना हाक मारली. मग आळीपाळीने, वरून, तोंड न लावता, आम्ही ती बाटली रिकामी केली. ती मुलगी हाताची घडी घालून पाहत होती. पहिल्यांदा कंटाळून, मग हसून. सासूबाईंनी तिलाही विचारलं, घेतेस का? ती नको म्हणाली. सासूबाईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार होत्या, पण पाणी संपलं.

विमान सुटेपर्यंत आम्हाला मग एकच काम उरलं. विमानतळावर त्याचे पैसे पडत नाहीत, हे नवऱ्याने खात्री करून आधीच सांगून ठेवलं होतं.