फादरच पापी निघाला तर?

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. निवृत्त शिक्षक, पेपर छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारे. चर्चबद्दल काही छापून आलं की ते मला जिन्यात गाठतात. "तुम्ही लोक फादरपुढे गुडघे टेकून पापं सांगता ना? आणि फादरच तुमच्याहून मोठा पापी निघाला तर? ती माफी धरायची, की रद्द?" रद्द हा शब्द मुद्दाम माझ्यासाठी. मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशमध्ये.

हल्ली माझी मुलगीही विचारते. तिचा प्रश्न लहान आहे. "बाबा, तुम्ही अजून चर्चला जाता कसे?"

वरवर दोघांचं विचारणं एकच वाटतं. पण काकांना उत्तर देणं सोपं आहे, आणि मुलीला मी अजून नीट दिलेलं नाही. तुम्हीही अनेकांनी विचारलंत म्हणून एकदा लिहून टाकतो.

सोप्याचं आधी. काका वारकरी घरातले. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरली की ते दर्शनाला जातात. तिथून आमचं सिटी चर्च चालत जाण्याइतकं जवळ. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवरचं, त्यांच्याच फौजेतल्या गोवेकर कॅथलिकांसाठी. शेजार जुना आहे. काकांची कसोटी मात्र ठरलेली: बोले तैसा चाले, त्याचीच पाऊले वंदायची. मला ती मान्य आहे. वंदनापुरती.

चर्चमध्ये हे भांडण सतराशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. सन ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने पोथ्या शिपायांच्या हवाली केल्या. छळ संपला आणि वाद पेटला. अशा भेकडांनी दिलेली दीक्षा, दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का? डोनाटस नावाच्या बिशपच्या मागे गेलेले लोक म्हणाले, मुळीच नाही. ३१४ साली आर्ल इथल्या परिषदेने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, तरी पुढची शंभर वर्षं तंटा मिटला नाही. शेवटी संत ऑगस्टीनने जे मांडलं ते आजवर टिकलंय: ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने बाप्तिस्मा दिला तरी खरा देणारा ख्रिस्त, आणि त्याला दगा देणाऱ्या यहुदाने दिला तरी ख्रिस्तच.

काकांना मी हे काउंटरवरच्या भाषेत सांगतो. कॅशियर लबाड निघाला म्हणून त्याच्या हातून आलेली नोट खोटी ठरत नाही. नोटेवर सही गव्हर्नरची असते. कॅशियरला पकडा, पण तुमचे पैसे तुमचेच. काका "हं" म्हणतात आणि दूध आणायला जातात.

माझ्या आईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. माझ्या लहानपणी गावाला जे फादर होते, ते पीत असत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी वेदीसेवक, म्हणजे उपासनेत फादरांना मदत करणारा पोरगा, मिस्साच्या वेळी त्यांच्या उजव्या हाताला उभा. प्याला खाली ठेवताना त्यांचा हात थरथरायचा आणि प्याल्याची कड तबकडीला लागून बारीक किणकिण व्हायची. ती फक्त मला ऐकू यायची. आई त्यांच्याच हातून ख्रिस्तप्रसाद घ्यायची आणि दुपारी मला भाकरी-पिठलं देऊन त्यांच्याकडे पिटाळायची. "जेवले नसतील." बस, इतकंच बोलायची. राखेच्या बुधवारी ते सगळ्यांच्या कपाळाला राख लावून झाली की वाटी आमच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या हातात द्यायचे आणि स्वतः त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे. मास्तर बिचारे संकोचून दोनच बोटं टेकवायचे.

माणूस कच्चा असतो, फादरसुद्धा माणूस, हे मी धर्मशिक्षणाच्या तासाला शिकण्याआधी त्या किणकिणीतून शिकलो. ते शिकणं खरंच होतं. पण पुढे त्यानेच माझा घात केला.

मी पुण्यात स्थिरावलो, लग्न झालं, एका धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या चर्चच्या सल्लागार मंडळावर, आलो. कुठलं ते सांगत नाही. एकदा मिस्सानंतर एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, माझा मुलगा वेदीसेवक आहे, तो आता जायला नको म्हणतो. फादर सगळे गेल्यावर त्याला एकट्याला थांबवून घेतात. पुढचं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मला तेव्हाच कळत होतं. मी म्हटलं, "मी वर बोलतो."

बोललो. वरून सांगितलं, लक्ष घालतो, तुम्ही वाच्यता करू नका. तीन महिन्यांत फादरांची बदली झाली, प्रकृतीच्या कारणावरून. निरोप समारंभ झाला. शाल आणि श्रीफळ आलं. आभाराचं भाषण मी केलं.

कागद बघून केलं नाही, तोंडपाठ केलं होतं. फादरांनी मुलांवर किती प्रेम केलं, असंही एक वाक्य त्यात होतं. बोलता बोलता मनात मी गावाकडच्या फादरांना आठवत होतो. हाही कच्चा माणूस, देव बघून घेईल. ही गल्लत किती भयंकर होती ते कळायला मला फार वर्षं लागली. थरथरता हात स्वतःच्या घशाशी जात होता. हा हात दुसऱ्याच्या लेकरापर्यंत गेला होता. दोन्हींना मी 'दुबळेपणा' हा एकच शब्द लावला, आणि तोही देवाधर्माचा म्हणून आणखी पवित्र करून.

माझ्यासारखे जगभर होते, हे पुढे कळलं. २००२ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्राने तिथल्या आर्चडायोसीसच्या, म्हणजे चर्चच्या प्रांताच्या, फाइली उघड्यावर आणल्या, आणि वर्ष संपायच्या आत तिथल्या कार्डिनलना पद सोडावं लागलं. २००४ साली अमेरिकेतल्या बिशपांनीच करवून घेतलेल्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळातले मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे ४,३९२ आरोपी धर्मगुरू आणि १०,६६७ तक्रारदार निघाले. तिथल्या एकूण धर्मगुरूंच्या साधारण चार टक्के. बँकेत चार टक्के म्हणजे फार नव्हे, असं मला वाटून गेलं आणि स्वतःचीच किळस आली. कारण पद्धत माझ्या ओळखीची होती: तक्रार, समज, बदली, नवं गाव, नवी मुलं. नव्या गावाला कुणी काही सांगायचं नाही. आणि आमच्याकडे तर वर शाल-श्रीफळ.

आता आमच्यातले काही जण म्हणतात, हा सगळा आधुनिक संस्कृतीचा परिणाम. मोबाइल, सिनेमा, पाश्चात्त्य मोकळीक. मला हे पटत नाही. अकराव्या शतकात पीटर डेमियन नावाच्या संताने पोप नववे लिओ यांना धर्मगुरूंच्या याच प्रकारांबद्दल सविस्तर लिहून पाठवलं होतं, आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांनाही सोडलं नव्हतं. तेव्हा कुठला मोबाइल? उलट या आधुनिक संस्कृतीनेच, म्हणजे पेपरवाल्यांनी, कोर्टांनी, आणि वीस-तीस वर्षांनी तोंड उघडायचं धाडस केलेल्या माणसांनी, आमच्याकडून खरं वदवून घेतलं. आपण होऊन आम्ही फार थोडं कबूल केलं. कबुली हा ज्यांचा साक्रामेंत, पवित्र संस्कार, अशी मंडळी आम्ही!

तरी या संस्कृतीशी माझं एक भांडण आहेच. ती माणसाला दिवसभर सांगते, मनात येईल ते कर, तूच खरा. आणि तो घसरला की संध्याकाळपर्यंत त्याची अशी धिंड काढते की जणू घसरणं ही गोष्ट तिने प्रथमच पाहिली. दहा वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट काढला जातो. त्यातून परत यायची वाट कुठून आहे, हे कुणीच सांगत नाही. माझ्या मुलीच्या ऑफिसातली पोरं एकमेकांशी इतकी जपून बोलतात, मला तिथे गुदमरायला झालं असतं. वाट आमच्याकडे आहे. आमचा गुन्हा हा, की ती वाट आम्ही चुकीच्या माणसाला आधी दाखवली, आणि ज्याचं वाटोळं झालं त्या लेकराला दारातच उभं ठेवलं.

खरं तर आमची शिकवण याच्या नेमकी उलट जायला हवी होती. बँकेत आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, म्हणजे माझ्याकडे. एक किल्ली फिरवून दार हलत नाही. रजेवर जायचं तर की रजिस्टरला नोंद आणि दोघांच्या सह्या. एकदा माझी पीएमटीची बस वाटेत बंद पडली. मी पोचलो तेव्हा काउंटरला रांग लागलेली, लोक ओरडत होते, आणि आमचे मॅनेजर बंद दारासमोर स्टुलावर बसून होते. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. त्यांना त्यात अपमान वाटला नाही, मलाही कधी वाटला नाही.

आता बघा. आदिपाप, म्हणजे जन्मासोबतच येणारं पाप, आम्ही मानतो. बाप्तिस्म्याने ते धुतलं जातं, पण पापाकडची ओढ उरते, आणि ती पोपपासून पोरापर्यंत सगळ्यांत उरते, असं आम्ही शिकवतो. बँकेला असली काही शिकवण नव्हती, तरी तिने दोन किल्ल्या केल्या. ज्यांच्याकडे ही शिकवण होती त्यांनी लहान मुलांच्या खोलीची एकुलती एक किल्ली एका माणसाच्या खिशात ठेवली आणि त्याला श्रद्धा म्हटलं. माणूस कच्चा आहे यावर आमचा खरोखर विश्वास असता तर प्रत्येक सॅक्रिस्टीच्या, फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, दाराला काच बसली असती.

चार शुभवर्तमानांत, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रांत, पहिल्या पोपची, पेत्राची, फजिती चारही वेळा आहे. कोंबडा आरवण्याआधी पेत्राने तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, आणि विचारणारी होती तरी कोण, एक दासी! लिहिणाऱ्यांना ते वगळता आलं असतं. त्यांनी वगळलं नाही, आम्ही दर गुड फ्रायडेला ते मोठ्याने वाचतो. आणि वाचून झाल्यावर कपाटातल्या फाइली कपाटातच. २००५ च्या गुड फ्रायडेला, पोप व्हायच्या महिनाभर आधी, कार्डिनल रॅट्झिंगर यांनी रोममध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत चर्चमधल्या, धर्मगुरूंमधल्या घाणीचा उघड उल्लेख केला. ऐकणारे चपापले. त्यानंतरही सगळ्या चर्चला लागू होणारी कळवण्याची सक्ती यायला २०१९ उजाडलं. त्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना असली माहिती वर कळवणं बंधनकारक केलं, आणि कळूनही दडपणाऱ्या बिशपांचीही चौकशी होईल असं ठरवलं. आपल्याकडचा पॉक्सो कायदा त्याच्या सात वर्षं आधीचा, २०१२ चा. त्यात मुलावर अत्याचार झाल्याचं माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. माझी गोष्ट त्याच्याही आधीची. कायद्याने मी सुटलो.

मुलीला मी काय सांगणार? जातो, कारण नोट खरी आहे. पण तेवढ्याने तिचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

दोन वर्षांपूर्वी, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात, मी कन्फेशनला, म्हणजे पापकबुलीला, गेलो. बाहेरून मदतीला आलेले एक तरुण फादर होते, नगर रोडला सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेत, शिकून नुकतेच दीक्षित झालेले असावेत. त्या ताईंचा मुलगा आज साधारण त्यांच्याच वयाचा असेल, हे जाळीतून त्यांचा आवाज ऐकताना डोक्यात आलं. इतकी वर्षं मी कन्फेशनमध्ये राग, आळस, खोटं बोलणं असलं किरकोळ चिल्लर मोजून देत होतो. त्या दिवशी भाषण सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "त्या ताईंना भेटलात?"

नाही म्हटलं.

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकही 'नमो मरिया' प्रार्थना दिली नाही. जाऊन भेटा म्हणाले. आणि हलक्या आवाजात, "त्यांनी माफ करावं म्हणून जाऊ नका."

पत्ता काढायला दोन महिने लागले; खरं म्हणजे दोन दिवस, बाकीचे मी घालवले. वडगाव शेरीत दुसऱ्या मजल्यावर घर. ताईंनी ओळखलं. चहा ठेवला, समोर बसल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "भाषण चांगलं केलं होतंत तुम्ही."

मुलगा नोकरीला बाहेरगावी असतो. चर्चला येत नाही. त्याच्याबद्दल आणखी लिहायचा मला अधिकार नाही. हे एवढंसुद्धा ताईंना विचारून लिहितोय. मी माफी मागितली, तीही अडखळत, तोंडपाठ काहीच नव्हतं. त्यांनी ती घेतली की नाही, मला कळलं नाही. मी म्हटलं, त्याने कधी तक्रार करायची ठरवली तर मी कुठेही साक्षीला येईन. मला तुम्ही सांगितलं होतं, मी वर सांगितलं होतं, कुणाला आणि कधी, सगळं लिहून सही करून देईन.

त्या उठल्या. भिंतीवरचं कालनिर्णय काढून उलटं केलं, मागच्या बाजूला माझं नाव आणि नंबर लिहिला. मला वाचून दाखवून बरोबर असल्याची खात्री केली. मग त्याखाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि पेन माझ्यापुढे केलं, सहीसाठी.